लोखंडी किलोची तपासणी

तराजू दोरीने तुळईला टांगायचे, त्या काळातली गोष्ट. गेनू शेट्यांच्या दुकानात एक लोखंडी किलो होता. आपण जन्मभर खरं तोललं, याचा त्याला भारी तोरा.

एकदा व्यापार-उद्योग खात्याचे साहेब वजनं तपासायला आले. त्यांनी एका पारड्यात पेटीतला चकचकीत पितळी किलो ठेवला, दुसऱ्यात लोखंडी. लोखंडी किलो वर गेला!

"मी लबाड नाही हो," तो कळवळून पितळी किलोला म्हणाला. "आता मला जप्त करणार, भंगारात घालणार!"

"तो अधिकार साहेबांना आहे खरा," पितळी किलो म्हणाला, "पण तू लबाड कुठे? वापरून वापरून झिजलास. थांब जरा."

साहेबांनी त्याच्या बुडाच्या भोकात शिसं भरवलं आणि पारडी समान झाल्यावर वर सरकारी शिक्का ठोकला. घाव जोरात बसला, पण लोखंडी किलोला भरून आलं. इतके दिवस गिऱ्हाइकांना चिमूट चिमूट कमी जात होतं, ते त्याला आज कळलं.

"फार उपकार झाले," तो म्हणाला. "तुमचं बरंय, तुम्हाला कोण तपासणार?"

पितळी किलो पेटीत शिरता शिरता हसला. "उद्या मोठ्या कचेरीत माझीच तपासणी आहे. सकाळपासून छातीत धडधडतंय बघ."