पदरावरचा धूर

इथं टेका थोडं, पाय भरून आले असतील. फक्त त्या काळ्या पडलेल्या कातळावर बसू नका, ती धुनीची जागा आहे. बाटलीतलं पाणी प्या खुशाल, आज सोमवार नाही. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी आला असतात, तर बाटलीला हात लावायच्या आधीच बायकांनी तुम्हाला पिटाळलं असतं.

डोंगराला मध्येच असा सपाट टप्पा असतो, त्याला आमच्याकडे पदर म्हणतात. हा भिवरेचा पदर. वर तो कडा दिसतो ना, त्याच्या माथ्यावर कडेश्वराचं देऊळ. देव तिथं माथ्यावर आणि त्याची धुनी इथं अर्ध्या वाटेत! येणारा प्रत्येक जण विचारतो, अहो, धुनी देवापुढे नको का? तर पूर्वी ती देवापुढेच होती. खाली कशी आली, ते ऐकायचं असेल तर मोबाईल जरा पिशवीत ठेवा.

खाली भातखाचरांच्या कडेनं सात वाड्या दिसतात. त्या काळी त्यांचा नेम असा होता, म्हणे. तिसऱ्या सोमवारी सगळ्यांनी निर्जळी उपास धरायचा. अंगावर पिणारं पोर आणि दावणीचं जनावर सोडलं, तर पाण्याचा थेंब कोणी घ्यायचा नाही. गुरवानं पहाटे एकट्यानं वर जायचं, पूजा करायची आणि दिवस कलायला लागला की धुनी पेटवायची. खालून धूर दिसला की वाडीवाडीत ढोल वाजायचा आणि उपास सुटायचा. धूर दिसेपर्यंत दुसऱ्या कोणी डोंगराला पाय लावायचा नाही. नेम सोपा होता, पिढ्यान् पिढ्या बिनबोभाट चालला. त्यात काही राहून गेलंय, असं कधी कोणाच्या मनातसुद्धा आलं नाही.

तेव्हा गुरवकी हैबतीकडे होती. घरात तो, त्याची आई ठकूबाई आणि बायको भिवरा, एवढी तीनच माणसं. ठकूबाईचा दरारा असा की गावचा पाटीलसुद्धा उपासाचं काही अडलं तर तिच्या ओट्यावर येऊन बसायचा. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, पण कोणी चोरून पाणी प्यायला तर तिला घोटाचा आवाज यायचा, असं म्हणतात. भिवरा तिच्यापुढे अवाक्षर काढत नसे.

त्या सालचा श्रावण फार वाईट होता. ऊन नाही, उघडीप नाही, आठ दिवस नुसती झड लागलेली. सोमवारी पहाटे हैबती निघाला. पाठीवर धुनीच्या सुक्या लाकडांची मोळी, ती घोंगडीत गुंडाळलेली. हातात विस्तवाचं मडकं, त्यात राखेखाली निखारे. भिवरा दारात उभी राहून बघत होती. अर्ध्या डोंगरावर ढग उतरला होता, त्यात तो शिरला आणि दिसेनासा झाला.

दिवस कलला. सात वाड्यांची माणसं अंगणात येऊन वर बघायला लागली. ढगापलीकडे काही दिसेना. "धूर दिसला का?" एक विचारी, दुसरा मान हलवी. सांजावलं, तरी धूर नाही. पाटील म्हणाला, पावसानं लाकडं भिजली असतील, उद्या दिसेल. मग काय, माणसं तशीच उपाशी आडवी झाली.

भिवरा सासूजवळ जाऊन बसली. "आत्याबाई, हे बरे असतील ना?"

"गप! सणावाराचं अभद्र बोलू नये. धूर दिसेल," ठकूबाई म्हणाली आणि तिनं भिंतीकडे तोंड केलं.

मंगळवार उजाडला, तोही तसाच. बघा हं, वळचणीला पाण्याच्या धारा लागलेल्या, अंगणात घोट्याएवढं पाणी, आणि माणसांच्या घशाला कोरड! पोरं पागोळ्यांखाली हात धरायची नि आया त्यांचे हात झटकायच्या. पलीकडच्या वाडीत एक म्हातारा चक्कर येऊन पडला, शुद्धीवर आल्यावर त्यानं पहिलं विचारलं, "धूर दिसला का?" ठकूबाई खांबाला टेकून बसली होती. तिचे ओठ फाटले होते, जीभ टाळूला चिकटली होती. कोणी तरी पाण्याचा तांब्या पुढे केला, तर तिनं तो हातानं उलथून दिला.

दुपारी भिवरा उठली. चुलीतले निखारे तिनं मडक्यात भरले, वर राख घातली, डोक्यावर इरलं घेतलं. तिचा हिशेब साधा होता. ह्यांचा विस्तव पावसानं विझला असेल. आपण विस्तव पोचवायचा आणि मागे फिरायचं.

ठकूबाईनं चाहूल ओळखली आणि तिच्या लुगड्याचा काठ धरला. "जाऊ नकोस गं. नेम मोडला तर माझ्या लेकाच्या मुळावर येईल." ती पहिल्यांदाच सुनेला विनवत होती. भिवरेनं सासूची बोटं एकेक करून सोडवली आणि ती पावसात उतरली.

तुम्ही आत्ता आलात ती वाट पायऱ्यांची. तेव्हा नुसती निसरडी घसरण होती. पोटात दोन दिवस काही नाही, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. मडकं तिनं इरल्याखाली छातीशी धरलं होतं. निघताना त्याचा चटका बसत होता. अर्ध्या चढावर नुसती ऊब राहिली. पाऊस वाऱ्यासंगं आडवा येत होता, मडक्यात शिरत होता, आणि ऊब कमी कमी होत चालली. देवाचं नाव घ्यायलासुद्धा तिची जीभ उचलत नव्हती.

पदरावर आली आणि थबकली. त्या समोरच्या कपारीत, कड्याच्या पायथ्याशी, हैबती पडला होता.

तो वर पोचलाच नव्हता. सोमवारी पहाटेच कड्याच्या खोबण्यांवरून त्याचा पाय सुटला होता. मांडीचं हाड मोडलेलं, मडक्याच्या खापऱ्या झालेल्या. सरपटत कपारीत आला होता, तरी अर्धं अंग पावसातच होतं. ओठ निळे पडले होते आणि दात वाजत होते. आणि तोंडावर त्यानं उपरणं बांधलं होतं. कशाला? पावसाचं पाणी तोंडात जाऊन उपास मोडू नये म्हणून! असा हा गुरव.

भिवरेनं उपरणं सोडलं. त्यानं डोळे उघडले, मडकं बघितलं आणि म्हणाला, "बरं झालं आणलंस. वर जा, धुनी पेटव. सात वाड्या उपाशी आहेत."

तिनं वर बघितलं. कडा ढगात बुडाला होता. चढून जायचं म्हणजे दिवस मावळणार. मग तिनं नवऱ्याचा हात हातात घेतला. दगड बरा, इतका गार. परत येईपर्यंत हा राहणार नाही, हे सांगायला वैद्य कशाला हवा? तिनं राखेत बोट घालून चाचपलं. सगळे निखारे विझले होते. तळाशी एकच राहिला होता, बोराएवढा.

तिनं कपारीच्या आतून मोळी ओढली. घोंगडीतली लाकडं आतून कोरडी होती.

"हात लावू नकोस!" हैबती ओरडला. "देवाचं लाकूड आहे ते!"

"देवाला थंडी वाजत नाही, तुम्हाला वाजतेय," भिवरा म्हणाली. लग्न झाल्यापासून तिनं नवऱ्याला उलट उत्तर दिलं, ते हे पहिलंच, असं सांगतात.

इथं, ह्याच कातळावर, कपारीच्या तोंडाशी तिनं लाकडं रचली. साल सोलून त्याचा भुगा केला, त्यात तो निखारा ठेवला आणि फुंकायला लागली. फुंकायला श्वास हवा, तोच नव्हता. घसा सोलल्यासारखा झाला. निखारा काळा पडला, पुन्हा लाल झाला, पुन्हा काळा पडला. ती रडत होती नि फुंकत होती. डोळ्यांतलं पाणी भुग्यावर पडू नये म्हणून मान वळवायची, परत फुंकायची. "देवा, दोष लावायचा तर मला लाव," ती म्हणाली, "ह्यांना लावू नकोस."

साल पेटली. मग काटकी पेटली. मग लाकूड.

तिनं हैबतीला जाळाजवळ ओढलं. जाळाला वाऱ्याचा आडोसा करायला तिनं कारवीची ओली झुडपं उपटून भोवती लावली, ती धुमसायला लागली आणि पांढरा दाट धूर निघाला. ढग आता वर सरकून कड्यावर होता. पदर त्याच्या खाली, उघडा. तिनं खाली बघितलं, तर वाड्या स्वच्छ दिसत होत्या. म्हणजे वाड्यांनाही धूर दिसत असणार!

हैबतीच्याही ते ध्यानात आलं. "विझव, भिवरे. पूजा नाही, धुनी नाही. खोटा धूर आहे हा. सात वाड्यांचा उपास मोडेल, ते पाप आपल्याला सात जन्म पुरेल."

जाळ विझवला तर नवरा जाणार. ठेवला तर सात वाड्या फसणार. भिवरा जाळ आणि नवरा यांच्या मध्ये उभी राहिली. कान खालच्या वाड्यांकडे लागलेले. ढोल वाजला तर आपण सगळ्यांना बुडवलं. नाही वाजला तर उद्यापर्यंत किती माणसं राहतील? ढोल काही वाजेना.

खाली काय चाललं होतं, ते नंतर कळलं. धूर दिसताच माणसं अंगणात धावली, आणि थबकली. धूर भलत्याच जागी! कोणी म्हणालं, गुराख्यानं जाळ केला असेल. कोणी म्हणालं, देवाचा कोप आहे. ढोलवाले टिपऱ्या उगारून उभे होते. शेवटी सगळे गुरवाच्या ओट्याशी आले.

"ठकूबाई, धूर दिसतोय, पण पदरावर. धरायचा का?"

ठकूबाईनं कपाळावर हात मारून घेतला.

"मेल्यांनो, माझा लेक वर पोचला नाही," ती म्हणाली. "दोन दिवस सगळी विचारत होती, धूर दिसला का, धूर दिसला का. हैबती बरा आहे का, हे कोणी विचारलं? एका सुनेनं विचारलं, तर मी तिला गप केलं. आई ना मी त्याची! आणा ते पाणी इकडे."

तांब्या आणला. सगळ्यांच्या देखत, धुनी पेटलेली नसताना, सात वाड्यांत नेमाला सर्वांत कडक असलेली ती म्हातारी घटाघटा पाणी प्यायली. ओठांच्या भेगांतून रक्त आलं, ते तिनं पदरानं पुसलं. "उपास पहिला मी मोडलाय, दोष लागायचा तर मला लागेल," ती म्हणाली. "वाजवा ढोल. तिला कळू दे आपण येतोय. आणि डोली घ्या."

पदरावर भिवरेनं ढोल ऐकला. पहिला त्यांच्याच वाडीचा, मग दुसऱ्या वाडीचा, मग सातही. तिला वाटलं, बुडालो. मग तिनं बघितलं, तर वाटेनं माणसं धावत वर येत होती. पुढे पाटील होता, खांद्यावर डोलीचा दांडा घेऊन.

हैबती वाचला. जन्मभर लंगडत चालला, पण वाचला. पुढच्या श्रावणात तो वर निघाला, तर ठकूबाईनं काठी आडवी घातली. देवाची पूजा वर कर, म्हणाली, पण धुनी पदरावर पेटेल, आणि ती सूनबाई पेटवेल. वरचा धुनीचा खळगा अजून आहे, बघून या. त्यात शेवाळ धरलंय.

आजही तिसऱ्या सोमवारी गुरवाच्या घरची सून इथं धुनी पेटवते. वाड्यांना धूर दिसतो, पण ढोल लगेच वाजत नाही. खाली वाडीतली सर्वांत म्हातारी बाई ओट्यावरून विचारते, "माणूस बरं आहे का?" वाटेवर ठिकठिकाणी लोक उभे असतात, त्यांच्या तोंडोतोंडी हाक वर येते. "बरं आहे" असं उत्तर खाली पोचलं की म्हातारी पहिला घोट घेते. मग ढोल वाजतो.

गेल्या साली गंमत झाली. धुनी पेटवताना आमच्या सुनेचा पाय मुरगळला आणि उत्तर गेलं, "बरं नाही." झालं! अख्ख्या वाड्या उपाशीपोटी डोंगर चढून आल्या. तिला डोलीतून खाली नेलं, पाय शेकला, आणि मगच लोक पाणी प्यायले. ओट्यावरची म्हातारी तर तिला बघताच भडकली. "पाय मुरगळला तर आधी हाक मारायची, गं बये," म्हणाली. "धूर कसला करत बसलीस?"