आवडूचं खिंडार

हा गडगा बघा. जांभ्या दगडाचा, छातीएवढा उंच, आमच्या हिवरसडा गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग. आणि बरोबर मध्ये हे खिंडार, बैलगाडी जाईल एवढं. पडलेलं नाही हं, पाडलेलं आहे. डागडुजीचं नाव काढू नका, गाव अंगावर येईल. चपला मात्र राहू देत पायात, देऊळ नाही हे.

खाली किनाऱ्यावर माणसं घामाने निथळतात आणि इथे कड्यावर चैत्रातही घोंगडी लागते. समुद्राचं धुकं सकाळी चढून येतं ते दुपारपर्यंत रेंगाळतं. कुणा गोसाव्याने, म्हणे, द्राक्षाची काडी आणून इथे लावली. वेल रुजले, पण खारा गार वारा घडांना पिकू देईना. मग गावाने तीन वर्षं खपून हा गडगा रचला. डोक्यावरून सर्वांत जास्त दगड वाहिले ते आवडूने. नवरा दर्यात गेलेला, पदरात एक मुलगी, आणि गडग्याच्या ऐन मध्याशी वेलींच्या चार ओळी. पोट त्यावरच.

वारा अडला. पहिल्या साली द्राक्षं अशी गोड झाली की आसवाच्या रांजणापर्यंत पोचलीच नाहीत, खाऊनच संपली. आवडूच्या मुलीने जन्मात प्रथमच तोंड वाकडं न करता घड खाल्ला. आवडूला रडूच आलं.

पण वाऱ्याबरोबर धुक्याची निघून जायची वाटही बंद झाली होती. दुसऱ्या साली घड अजून हिरवे असतानाच ओल बसून राहिली आणि बुरशी धरली. आज एक मळा, उद्या दुसरा. गाव जमलं. गडग्याला वाट पाडायला हवी, हे सगळ्यांना पटलं. कुठे पाडायची, इथे घोडं अडलं. ज्याच्या मळ्यापुढे पाडायची, त्याचे वेल खारा वारा खाणार. वारा हवा, पण शेजाऱ्याच्या मळ्यातून! तीन दिवस बैठका चालल्या, आणि बुरशी काही बैठकीसाठी थांबत नव्हती.

चौथ्या दिवशी सकाळी दगड कोसळल्याचा आवाज आला. आवडू पहार घेऊन आपल्याच वेलींपुढचा गडगा पाडत होती. गावचा मानकरी गावकर धावत आला.

"अगं बाय, खाशील काय?"

"तुमचं राहिलं तर मला कुणी चार घास घालील. सगळ्यांचंच गेलं, तर बघू कुणाकडे?" ती म्हणाली आणि पुढच्या दगडाला हात घातला.

धुकं हललं, घड सुकले, गाव वाचलं. आवडूची द्राक्षं तेवढी वाटाण्याएवढी राहिली, चिंचेसारखी आंबट. टाकायची कुठे, म्हणून तिने रांजणात मुरत घातली. त्या मुरल्या रसाला तुम्ही वाइन म्हणता, जुने लोक आसव म्हणत.

श्रावण सरला आणि गावाचं गोडमिट्ट आसव घरोघरी बिघडलं. आवडूचं मात्र जसंच्या तसं, नितळ. आंबटपणानेच ते राखलं होतं. गावकर तिच्या दारात मान खाली घालून उभा राहिला.

"बाय, पुढच्या साली आमच्या रांजणांत घालायला तुझी आंबट द्राक्षं थोडी थोडी देशील?"

"देईन की. तुम्ही गोडाची एकेक टोपली आणा. माझ्या पोरीला आवडतात."

आजही चैत्रात पहिली टोपली खिंडारापुढच्या ओळींची भरते, आणि त्यातली ओंजळ पडल्याशिवाय गावात एकाही रांजणावर झाकण बसत नाही. बदल्यात प्रत्येक घरातून गोड द्राक्षांची टोपली या मळ्यात येते. आजही बैठकीत कुणी "कुणीतरी करायला हवं" म्हणालं, की दुसरा विचारतोच, "कुणाच्या मळ्यापुढे?"

घ्या, हा पेला तुमचा. आधी गोड लागेल. मग जिभेच्या कडेला आंबट येईल, तिथे जरा थांबा. आम्ही तिथे आवडूचं नाव घेतो.