आधी कानात

"पण मास्तर, ते स्वतः हसले की! मग माझं चुकलं कुठं?"

आल्यापासून वैजनाथचं हेच पालुपद चाललं होतं.

गेनबा मास्तर म्हणजे आमच्या तमाशाच्या फडातले सोंगाडे. उभी हयात लोकांना हसवण्यात गेली. मी त्यांचा ढोलकीवाला. फड मोडला, पण दुपारचं त्यांच्या ओट्यावर येऊन बसायची माझी खोड काही मोडली नाही.

वैजनाथ त्यांचा चेला. बतावणी इथं शिकला आणि टीव्हीवर गेला. तिथं म्हणे दोघांना समोरासमोर उभं करतात आणि एकमेकांची उणीदुणी काढायला लावतात. ज्याचं जास्त झोंबेल तो जिंकला. गडी जिंकून आला होता, पेढेही आणले होते, पण पुड्याची दोरी काही सोडत नव्हता.

मास्तर म्हणाले, काय बोललास ते तरी सांग.

कार्यक्रमात समोर धनंजय होता, त्याचा जिवाभावाचा दोस्त. धनंजयचे वडील, सोपानकाका, पुढच्याच रांगेत बसलेले. म्हातारा कानानं अधू. कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरच काय ते कळायचं. शहरात नवा होता तेव्हा वैजनाथ त्यांच्याच घरी जेवायचा.

"मी म्हणालो, धन्याच्या विनोदाला हसणारा जगात एकच माणूस आहे, त्याचा बाप. कारण त्याला ऐकूच येत नाही."

मला फिसकन हसू आलं. लगेच जीभ चावली.

मास्तर हसले नाहीत.

"मग?"

"सगळे हसले. काकांकडं बघून हसले. ते बघून काकाही हसायला लागले... टाळ्या वाजवल्या त्यांनी, मास्तर."

तेवढ्यावर थांबला असता तर बरं होतं. पण पुढचं पोटात राहीना. कार्यक्रम संपल्यावर काकांनी त्याचा हात धरला. विचारलं, पोरा, माझ्यावर काय बोललास रे, आमचा धनू काही सांगत नाही. ह्यानं त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडून सांगितलं, तुमचं कौतुक केलं, काका.

म्हाताऱ्यानं डोळे पुसले आणि ह्याच्या डोक्यावर हात ठेवला.

तो भाग उद्या संध्याकाळी दाखवणार होते. काकांनी अख्ख्या गल्लीला आवतण दिलेलं. टीव्ही अंगणात आणणार होते. वैजूनं माझं कौतुक केलंय, म्हणून सांगत सुटले होते. आणि धनंजय ह्याचा फोन उचलत नव्हता.



मग मास्तर म्हणाले, "फडात आपली रीत काय होती?"

वैजनाथनं मान खाली घातली. रीत मलाही पाठ होती. रात्री गावच्या पाटलाची खोड काढायची असली, तर सोंगाड्यानं दुपारी जाऊन ती त्याच्या कानात सांगायची. तो हसला तर बोलायची, नाही तर गिळायची. आधी कानात, मग जनात.

"टीव्हीवर कुठली आलीय रीत," वैजनाथ पुटपुटला.

मास्तर सरकून त्याच्या जवळ आले. त्यांचे कान ह्या वयातही तिखट, पलीकडच्या आळीतलं ऐकू येतं. तरी त्यांनी कानामागं हात धरला आणि कान त्याच्या तोंडाशी नेला.

"मी सोपानकाका. सांग, काय बोललास?"

वैजनाथनं तोंड उघडलं.

"धन्याच्या... विनोदाला..."

"मोठ्यानं. मला ऐकू येत नाही."

"हसणारा..."

पुढं शब्द फुटेना. पोरगं लाजेनं काळंठिक्कर पडलं. मलाच बघवेना, मी मान फिरवली.

"मास्तर, त्यांना काय सांगू? तुम्हीच सांगा आता."

मास्तरांनी कानामागचा हात काढला. पेढ्याचा पुडा उचलून त्याच्या मांडीवर ठेवला.

"उद्या त्यांच्या शेजारी जाऊन बस. गल्ली हसली, की ते तुझ्या तोंडाकडं बघतील... तेव्हा हसून दाखव, जमलं तर."