वाढवलेली चाकं

एकदा एक वस्ताद होता. घाटाचा चढ जिथे सुरू होतो, तिथेच रस्त्याला लागून त्याचं गॅरेज होतं. हाताचा कसबी, तोंडाचा फटकळ. राग आला की हातातला पाना भिरकावी, आणि राग त्याला चहाइतकाच वारंवार लागे. लोक म्हणत, वस्तादाकडे गाडी खुशाल पाठवावी, आपण मात्र जाऊ नये.

त्याच्या हाताखाली सर्जेराव नावाचा शिष्य होता. त्या गॅरेजचा रिवाज असा की, शिष्याने एक गाडी आरंभापासून अखेरपर्यंत एकट्याने करावी आणि तिची चावी मालकाच्या हाती स्वतः द्यावी. त्या क्षणी वस्तादाने हरकत घेतली नाही, तर शिष्य मोकळा. त्याने खुशाल स्वतःच्या नावाची पाटी लावावी. सर्जेरावच्या मागून आलेले दोघे असे मोकळे होऊन गेले होते. सर्जेरावला मात्र वस्ताद दर वेळी ऐन दारात अडवी. त्यामुळे गुरूविषयी त्याच्या मनात भक्ती थोडी आणि संताप फार, अशी स्थिती झाली होती.

अशात गुळाचे व्यापारी मगदूम शेठ आपली छोटी एसयूव्ही घेऊन आले. गाडी उत्तम होती, दुखणं शेठना होतं. त्यांच्या साडूने मोठी, धिप्पाड गाडी घेतली होती, आणि तिच्यापुढे आपली गाडी बसकी दिसते, हे शेठना जेवताना टोचत होतं. माणसाला स्वतःची उंची वाढवता येत नाही, म्हणून तो गाडीची वाढवतो. या रोगाला औषध नाही. असलंच तर ते विकत घेण्याइतकी अक्कल रोग्याला उरलेली नसते.

शेठनी आधीच कुठूनतरी स्प्रिंगच्या वेढ्यांत रबरी ठोकळे घालून गाडी उंच करून घेतली होती. आता त्यांना तिच्यावर रुंद, दांडगे टायर आणि मोठी चाकं हवी होती. दोन दिवसांनी आई, बायको, मुलं असं सगळं बिऱ्हाड घेऊन घाटापलीकडे कुलदैवताला जायचं होतं, आणि जाताना साडूच्या दारावरून जायचं होतं. वस्तादाने गाडीभोवती एक फेरी मारली, नाक मुरडलं आणि म्हणाला, "सर्जा, ही तू कर. मी हात लावत न्हाई."

सर्जेराव हरखला. त्याने जीव ओतून काम केलं. चाकं बसली, गाडी खरोखरच रुबाबदार दिसू लागली. मग त्याने स्टिअरिंग पूर्ण वळवलं आणि आतून 'खर्र' असा आवाज आला. त्याने चाकावरच्या प्लास्टिकच्या अस्तराची कड तासली. पुन्हा वळवलं, आवाज कमी झाला, पण गेला नाही. खाली वाकून पाहिलं, तर टायरची कड ब्रेकच्या नळीपर्यंत पोचत होती. नळी त्याने प्लास्टिकच्या पट्टीने मागे ओढून बांधली. आता गाडी गप्प झाली. रिकामी होती, म्हणून गप्प झाली, हेही त्याला कळत होतं. माणसं बसली की गाडी खाली दबणार, टायर वर येणार. 'पण रस्त्यावर इतकं कोण वळवतं?' असं त्याने स्वतःला विचारलं. समोर घाट होता आणि घाटातलं प्रत्येक वळण तसंच होतं. त्याने तिकडे पाठ केली.

चावी द्यायच्या दिवशी सर्जेरावने बायकोला आणि लहान मुलीला मुद्दाम बोलावलं. बायको पेढे घेऊन आली. शेठची म्हातारी आईही हौसेने आली होती. गाडीला हार घातला, नारळ फुटला, चाकांखाली लिंबं ठेवली. सर्जेरावने गाडी सरळ पुढे घेतली, लिंबं चिरडली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हातारी म्हणाली, "उद्या पुढच्या सीटवर मीच बसणार बाबा, कुणी मध्ये येऊ नका." सर्जेराव हसला आणि चावी घेऊन शेठकडे वळला.

"थांब," वस्ताद म्हणाला.

सर्जेरावच्या डोक्यात तिडीक गेली. वस्तादाने त्याच्याकडे पाहिलंही नाही. तो त्याच्या बायकोला म्हणाला, "सूनबाई, पोरीला घिऊन मागं बस. आणि टाळ्या पिटणारं तुम्ही तिघं रं, तुम्हीबी बसा. गाडी भरू द्या. सर्जा, घाटातनं एक चक्कर मारून आण. वरच्या वळणापतुर जा आणि उतर."

"माझ्या पोरीला कशाला?" सर्जेराव ओरडला. "दर वेळी तुमचं काहीतरी असतंयच! चार माणसांत माझा पाणउतारा केल्याशिवाय तुम्हाला अन्न पचत न्हाई का?"

"गाडी तयार हाय न्हवं?"

"हाय!"

"मग ने की."

शेठ घड्याळ बघू लागले. बायकोला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. नवऱ्याच्या हातची गाडी, तिने आनंदाने मागचं दार उघडलं, मुलीला आत बसवलं आणि स्वतः एक पाय आत टाकला.

"उतर!" सर्जेराव असा किंचाळला की मुलगी रडायला लागली. त्याने पोरीला अक्षरशः ओढून बाहेर काढलं. बघणाऱ्यांना वाटलं, हा वस्तादावर चिडलाय. बायको खजील होऊन बाजूला झाली.

वस्ताद जवळ आला. या वेळी त्याने पाना फेकला नाही. आवाजही चढवला नाही, आणि म्हणूनच तो जास्त लागला.

"काल तो आवाज मीबी ऐकला. तू तोंड उघडशील म्हणून वाट बघत हुतो. मोठी चाकं बसवणं पाप न्हाई, सर्जा. रिकाम्या गाडीला, सरळ उभ्या चाकाला समदंच बसतंय. गाडी भरंल, वळंल, खड्ड्यात दबंल, तवा जागा उरती का, ते बघायचं असतंय. तू ते बघितलंस. तुला समजलं. आणि समजून तू पट्टी बांधलीस. शेठची म्हातारी म्हणाली, उद्या मी पुढं बसणार, तवा तू हसलास. तुझी पोर बसली, तवा किंचाळलास. ज्याला येत न्हाई त्याला मी शिकवीन. ज्याला येतंय आणि गप बसतोय, त्याला काय शिकवू?"

सर्जेरावने चावी मुठीत घट्ट धरली. राग अजून होता, पण तो वस्तादावर काढायला आता कारण सापडत नव्हतं.

"हे तुमचं गुरुशिष्याचं नंतर करा," शेठ तडकले. "गाडी माझी आहे. साडूला येतोय म्हणून सांगितलंय मी. थोडा आवाज आला तर येऊ द्या, हळू चालवू. चावी द्या इकडे."

"चावी मिळणार न्हाई," सर्जेराव म्हणाला.

"काय?"

"न्हाई देत!" सर्जेराव गरजला. "पोलिसात जा. साडूला घिऊन या. ही चाकं असली गाडी इथनं हलणार न्हाई!"

शेठ लाल झाले, तोंडाला येईल ते बोलले. शेवटी म्हातारी काठी टेकत मधे आली. "तू ओरडू नको रे," ती मुलाला म्हणाली, आणि मग सर्जेरावकडे वळली. "बाळा, काय झालंय ते मला नीट सांग."

बायको ऐकत होती. हातातले पेढे तसेच होते.

"आजी, उतारावर ब्रेकची नळी कापली गेली असती," सर्जेराव म्हणाला. "मला ठावं हुतं."

म्हातारीने त्याच्याकडे पाहिलं. "मग काढ ती चाकं," एवढंच ती म्हणाली. शेठनी तोंड फिरवलं, पण आईपुढे त्यांचा आवाज निघाला नाही.

सर्जेरावने जॅक लावला आणि पुढचं चाक उतरवलं. आत नळीवर पांढरट ओरखडा होता. गाडी अजून रस्त्यावर गेलीही नव्हती, आणि नळीच्या रबराची साल निघू लागली होती. तो तसाच जमिनीवर बसून त्याच्याकडे बघत राहिला. वस्ताद शेजारी उकिडवा बसला आणि दुसऱ्या चाकाचे नट सैल करू लागला.

आपल्या हातच्या कामात आपलं लेकरू बसवायला जीव कचरत असेल, तर ते काम दुसऱ्याच्या लेकरासाठीही झालेलं नसतं.