रिकामी फळी

विषय : होडीच्या कामातून मुक्त करणेबाबत.
अर्जदार : रिबकाबाई, नावाडीण, राहणार नदीकाठ.
कारण : पाण्याची भीती.

फार जुनी गोष्ट. तेव्हा राजे होते, दरबार होता आणि दरबारात अर्जही साचत होते.

रिबकाबाईचा नवरा नदीवर होडी चालवायचा. एका पुराने त्याला नेले. होडी तेवढी परत आली. दरबाराने दुःख व्यक्त केले आणि वल्हे बायकोच्या हाती दिले.

पाणी दिसले की ती दोन पावले मागे सरायची. तरी ती रोज जाई. निघण्याआधी पुढची फळी पदराने पुसायची आणि म्हणायची, "प्रभू, तू बस. मी वल्हवते." त्या फळीवर ती दुसऱ्या कोणाला बसू देत नसे.

कारभाऱ्याला याची मोठी गंमत वाटे. "काय रिबकाबाई, तुझा पाहुणा आज तरी वल्हं मारणार का?"

"पाहुणा नाही कारभारीसाहेब, धनी आहे."

पण भीती काही जाईना. शेवटी तिने अर्ज केला. कारभाऱ्याने तो वाचला, मान हलवली आणि त्यावर पानाचा डबा ठेवला.

भाद्रपदात पूर आला. पलीकडच्या वाडीत पाणी शिरले. माणसे धर्मशाळेच्या छपरावर चढली. तिथे बारशाचे जेवण जेवायला गेलेला कारभारीही त्यांच्यात होता.

अलीकडे लोक जमले. नदीवर होडी एकच. एक म्हातारा हळूच म्हणाला, "पोरी, तुझा अर्ज पडलाय ना दरबारात? नाही गेलीस तर कोण नावं ठेवील?"

सबब चांगली होती. रिबकाबाई काठावर बसली. समोर होडी हेलकावत होती. पुढची फळी भिजली होती. सवयीने ती उठली आणि फळी पुसू लागली.

"अर्ज राजाला दिलाय, काका," ती फळीवर हात ठेवून म्हणाली. "ह्याला कुठे दिलाय?"

तिने होडी लोटली. खेप झाली, पुन्हा झाली. पोरे आली, म्हातारी आली, एक शेळीसुद्धा आली. कारभारी छपराच्या सर्वांत उंच टोकावर चढला होता, म्हणून सर्वांत शेवटी उतरला. होडी भरली होती. रिकामी होती ती पुढचीच फळी.

"इथे... तुझा धनी बसतो ना?" तो चाचरला.

"बसा हो खुशाल. तो उभा राहील. त्याला पाण्यावर चालायची सवय आहे."

कारभारी बसला. आयुष्यात प्रथमच त्याने शंका काढली नाही. मध्यावर भोवरा आला, तेव्हा फळी घट्ट धरून त्याने विचारले, "बाई, तुला भीती नाही वाटत?"

"वाटते की! हात बघा कसे कापतायत. पण वल्हं सोडलंय का?"

सगळे सुखरूप पोचले. त्या दिवसापासून गावातल्या आया पोरांना अभिमानाने दाखवू लागल्या, "ती बघ, आपल्या रिबकाबाईची होडी." फळी पुसायला पोरांची भांडणे होऊ लागली.

मग रिबकाबाईने दुसरा अर्ज दिला : पहिला अर्ज मागे घेत आहे.

दरबाराने विचारले, भीती गेली काय? तिने कळवले, "भीती आहे. सोबतही आहे." त्यावर दरबाराने सोबत्याचे गाव आणि वजन मागवले.

तात्पर्य : प्रभूला सोबत घेतलेला माणूस भीतीसकट पैलतीर गाठतो.

दोन्ही अर्ज अद्याप विचाराधीन आहेत.