खिडकीबाहेर वाचलेली दोन प्रकरणं

कासार आळीतल्या आमच्या वाचनालयाची ही रस्त्याकडची खिडकी एरवी बंदच असते. बाहेर हॉर्नचा एवढा कल्ला, उघडी ठेवून वाचणार कोण? पण माघ वद्य पंचमीला आम्ही ती सताड उघडतो आणि एका जुन्या कादंबरीची शेवटची दोन प्रकरणं बाहेर तोंड करून मोठ्यानं वाचतो. नवे सभासद हसतात. तुम्हीही हसा, पण आधी ऐका.

फार वर्षांपूर्वी इथे विसूभाऊ दाणी नावाचे सभासद होते म्हणे. वाचन दांडगं, आणि ते चारचौघांना कळावं ही हौस त्याहून दांडगी. नवं पुस्तक आधी त्यांनाच हवं. वाचून झालं की पहिल्या पानावर शाईनं शेरा ठोकायचे, 'खुनी डॉक्टरच', 'लग्न होत नाही', आणि खाली सही. आमच्या शहरात वाचणारे थोडे आणि मत देणारे फार, हे तेव्हापासूनचं.

समोरच्या घरात अंबूताई रिसबूड क्षयानं अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांचे यजमान दत्तोपंत त्यांच्यासाठी पुस्तकं न्यायचे. तेव्हा एक कादंबरी आली. तिची नायिका उमा, तिलाही क्षयच. अंबूताईंनी विसूभाऊंच्या मागे नंबर लावला. "उमा उठली ना, तर मीही उठते बघा," असं नवऱ्याला म्हणाल्या, आणि कडू काढा निमूटपणे घेऊ लागल्या.

विसूभाऊंनी पुस्तक महिनाभर अडवलं. शेवटी ग्रंथपालांनी तगादा लावला, तेव्हा दोन प्रकरणं राहिलेली असतानाच त्यांना ते परत करावं लागलं. पण शेरा न मारता पुस्तक देतील तर ते विसूभाऊ कसले! अंदाजानं लिहून टाकलं: 'शेवटी उमा मरते. वि. दा.'

अंबूताईंनी पहिलं पान उघडलं आणि पुस्तक मिटलं. काढ्याची वाटी परत पाठवली. आठ दिवसांत त्या गेल्या, असं सांगतात. दुखणंच तसं होतं, हेही खरं.

दत्तोपंत पुस्तक परत करायला आले, तेव्हा टेबलाशी विसूभाऊच उभे होते.

"तिनं वाचलंच नाही हो," दत्तोपंत म्हणाले. "शेवट कळला, म्हणाली."

विसूभाऊंनी राहिलेली दोन प्रकरणं तिथेच उभ्यानं वाचली. उमा बरी होते. टांग्यात बसून घरी येते.

मग त्यांनी ही खिडकी उघडली आणि समोरच्या बंद दाराकडे बघत ती प्रकरणं पुन्हा, मोठ्यानं वाचली. मरेपर्यंत दर वर्षी त्या तिथीला ते वाचत राहिले. दुसऱ्या कुठल्याही पुस्तकाला त्यांनी हात लावला नाही म्हणे. तो शेरा त्यांनी ब्लेडनं इतका खरवडला की पानाला भोक पडलं. हे बघा, बोट जातं.

आजही पंचमीला खिडकी उघडते. समोर आता मोबाइलचं दुकान आहे. गेली अकरा वर्षं मीच वाचते. 'उमा टांग्यातून उतरली' या वाक्याशी आलं की दर वेळी माझा आवाज चढतो. एवढ्या गोंगाटात अंबूताईंना ऐकू गेलं नाही तर?