निळे कडे

त्या राज्यात प्रत्येक वस्तूची किंमत पिसांत मोजली जाई, आणि पिसे ज्याची त्याच्या अंगावर उगवत. चोचभर राळ्याच्या दाण्यांना एक मऊ पीस पडे, घरट्याच्या अस्तराला चार, आणि नवे छत हवे असेल तर पंखातले एक लांब पीस. मऊ पीस पंधरा दिवसांत पुन्हा उगवे, लांब पिसाला मात्र सहा महिने लागत. हिवाळ्यात उत्तरेचा वारा सुटला की अलीकडच्या शिवारातले दाणे संपत आणि सगळ्यांना नदीवरून उडून पलीकडच्या रानात जावे लागे. म्हणून लांब पिसे जपावीत, एवढे शहाणपण तिथल्या पिलांनाही होते. मोठेपणी ते तेवढेसे टिकत नसे.

दामू नावाचा होला आणि त्याची बायको पारू बाजाराजवळच्या बाभळीवर राहत. पारूची खरेदीची रीत जुनी होती. तांबटशेठच्या दुकानात जायचे, वस्तू निवडायची आणि तिथेच, सगळ्यांदेखत, अंगावरचे पीस उपटून द्यायचे. उपटताना तिच्या तोंडून ‘स्स’ निघे. त्या ‘स्स’नंतर ती पुढ्यातल्या वस्तूकडे एकदा नीट बघे, आणि निम्म्या वेळा दुसरे पीस उपटण्याऐवजी दुसरी वस्तू परत ठेवून देई.

दामूला त्या ‘स्स’ची लाज वाटे.

“चारचौघांत पिसं उपटत बसणं बरं दिसत नाही,” तो एकदा म्हणाला.

“बरं दिसायला मी बाजारात जात नाही,” पारू म्हणाली. “आणि दुखलं की कळतं तरी, किती गेलं ते.”

दामूला मात्र न कळता गेलेले चालणार होते. त्याने बगळ्याची वाट धरली. बगळ्याच्या म्हाताऱ्या वडात एक मोठी ढोली होती. पीसझडीच्या दिवसांत गळलेली पिसे तिथे ठेवायला द्यावीत, बगळा ती सांभाळी आणि ठेवणाऱ्याला त्याच्या नावाचा एक दोरा देई. दुकानात दोरा ओढला की ढोलीतले आपलेच पीस सरसरत दुकानदारापुढे येई. ना कळ, ना ‘स्स’. दामूने पहिल्याच दिवशी तीन वेळा दोरा ओढला. त्यातली एक वेळ नुसती तो कसा चालतो ते बघायला.

दीड महिन्याने एका सकाळी, दुकानात गर्दी असताना, दोरा ओढल्यावर पीस आले नाही. दोऱ्याच्या टोकाला बगळ्याची चिठ्ठी आली. तांबटशेठने ती मोठ्याने वाचली, कारण त्याला हळू वाचता येत नसे. “शिल्लक नाही. हे कळवल्याबद्दल एक पीस देणे.”

मागे उभ्या असलेल्या चिमण्यांनी एकमेकींकडे बघितले नाही, म्हणजे त्यांनी सगळे ऐकले होते. दामूने घाईने पिंपळाचे एक पान काढले, त्यावर नखाने ओरखडा उठवला आणि ते गल्ल्यावर ठेवले. बड्या घरचे पक्षी अशी पाने देत. दुकानदाराने पान घेऊन ढोलीकडे जायचे, दोन-तीन दिवस थांबायचे आणि पान वटले की पिसे घेऊन यायचे.

“दामूभाऊ, पान नको,” तांबटशेठ म्हणाला. त्याने मागच्या भिंतीकडे चोच केली. तिथे सुतळीवर पंधरावीस पाने वाळत होती. “यातलं एकही वटलं नाही. आणि ही सगळी घुबडसाहेबांसारख्यांची आहेत. तुमची तर ओळख मला फक्त राळ्यापुरती.”

दामू रिकाम्या चोचीने दुकानाबाहेर पडला, आणि बाजाराच्या तोंडाशी त्याला मोराचा मांडव दिसला.

मोर काहीही विकत नसे. मांडवात गालिचा होता, सावली होती, वाळ्याचे गार पाणी होते आणि मध्ये मोर होता. दामूला बघताच तो उठून उभा राहिला. दामूला बघून आजवर कोणी उठून उभे राहिले नव्हते.

“तुमच्यासारख्या प्रतिष्ठितांना पिसं उपटावी लागतात, हे मला बघवत नाही,” मोर म्हणाला. “तुम्ही घ्या. द्यायचं मी बघतो. आपण पौर्णिमेला बोलू.”

त्याने दामूच्या पायात एक निळे कडे घातले. दुकानात पाय पुढे करायचा, कडे चमकले की मोराचा नोकर दुकानदाराला पिसे पोचती करी. शिवाय दर दहा पिसांमागे मोर एक काचेचा मणी बक्षीस देई. पौर्णिमेला सगळी पिसे परत केली तर जास्तीचे काही लागत नाही, असेही मोराने सांगितले. हे सांगताना तो पिसारा फुलवत असल्यामुळे बहुतेकांचे तिकडे लक्ष नसे.

येसू नावाच्या म्हाताऱ्या टिटवीचे लक्ष होते. तिनेही कडे घेतले. ती पूर्वीइतकेच सामान घेई, पौर्णिमेला अख्खा हिशेब चुकता करी आणि मणी मोजून नेई. मोराच्या मांडवात तिचे नाव ‘फुकटी’ असे पडले होते.

“येसूमावशीसारखं वापरणार असाल तर वापरा,” पारू म्हणाली.

“अगं, तसंच तर वापरतोय,” दामू म्हणाला. त्या आठवड्यात त्याने सावरीच्या कापसाची गादी आणि वेलीचा झोका घेतला होता.

तांबटशेठला कडे आवडे, कारण त्याची पिसे लगेच मिळत. फक्त प्रत्येक शंभरामागे मोर दोन स्वतःकडे ठेवी. ती भरून काढायला शेठने राळ्याचा भाव वाढवला, आणि भाव काही पायातले कडे बघून लागत नसे. पारूला आता चोचभर राळ्यासाठी दोनदा ‘स्स’ करावे लागे.

पहिल्या पौर्णिमेला मोराकडून यादी आली. ती झोक्यावरून खाली जमिनीपर्यंत पोचली.  पण यादीच्या तळाशी, सुबक अक्षरांत, एक ओळ होती: ‘सध्या किमान एक मऊ पीस दिले तरी चालेल.’ दामूला ती ओळ एखाद्या आप्ताने लिहिल्यासारखी वाटली. त्याने आडोशाला जाऊन एक पीस उपटले, पाठवून दिले आणि त्या आनंदात संध्याकाळी बदामाचे तुकडे आणले.

पुढच्या पौर्णिमेलाही ती ओळ होती. तिच्या पुढच्याही. त्या राज्यात अंगावरची पिसे सावकाश उगवत. मोराच्या वहीतली झपाट्याने.

मग उत्तरेचा वारा सुटला. येसू टिटवी पहिल्याच आठवड्यात पलीकडे निघून गेली. पारूने घरट्यातले राळे संपत आल्याचे बघितले आणि म्हणाली, “आपणही उद्या निघू.” दामू हो म्हणाला. त्याला खरेच जायचे होते.

सकाळी दारात खंड्या उभा होता. मोराकडे तो वसुलीच्या कामाला होता. त्याची चोच लांब होती आणि बोलणे फार मऊ.

“प्रवासाला निघताय, शुभ आहे,” तो म्हणाला. “तेवढी वही मिटवून गेलात तर बरं. मऊ पिसांत आता ती मिटणार नाही. पंख जरा उघडता का?”

दामूने पंख उघडले. खंड्याने लांब पिसे एकेक करून काढली, नीट जुडी बांधली, मोजली आणि मान हलवली. “निम्मी झाली.” त्याने पारूकडे बघितले. “वहिनी, आपण?”

“तिचा काय संबंध?” दामू म्हणाला. “तिनं कधी कड्याला पाय लावलेला नाही.”

“कडं घरट्याच्या नावावर आहे, साहेब. मांडवात वाळ्याचं पाणी पिताना आपण तशा पानावर ओरखडा केला होता.”

 पारूने पंख पुढे केला. दर पिसागणिक तो नेहमीचा ‘स्स’ येईल म्हणून दामू डोळे मिटून बसला होता, पण शेवटपर्यंत तसा आवाज आला नाही, आणि ते त्याला जास्त लागले. डोळे उघडले तेव्हा ती गादीकडे बघत होती. गादीची किंमत आज तिला पहिल्यांदा कळत होती.

“दुखलं का?” त्याने विचारले.

“दुखायचं ते दुकानातच दुखायला हवं होतं, अहो,” ती म्हणाली.

दुपारी मोर स्वतः आला. बरोबर दोन झगे होते, त्याच्याच झडलेल्या पिसांचे, निळे-हिरवे, लखलखते. “उघड्या अंगानं कसे जाल? थंडीचे दिवस,” तो कळवळून म्हणाला. पिसे न देता, नुसत्या कड्यावर. दामूने झगा चढवला आणि डबक्यात वाकून बघितले. त्याला स्वतःचा राग आला होता हे खरे. पण आपण बरे दिसतो आहोत, असेही त्याला वाटले. पारूने झगा थंडीसाठी अंगावर घेतला आणि डबक्याकडे गेली नाही.

दोघे पायीच नदीकडे निघाले. त्यांना वाटले होते की वाटेत आपण दोघेच असू आणि सगळे वरून बघतील. पण बाजारापासून नदीपर्यंत रस्ता भरला होता. पोपट चालत होते, साळुंक्या चालत होत्या, चिमण्या पिलांना चोचीने ढकलत चालत होत्या, घुबडसाहेब दिवसाउजेडी ठेचकाळत चालत होते. सगळ्यांच्या अंगावर तेच लखलखते झगे होते आणि झग्यांची टोके चिखलात ओढली जात होती. प्रत्येकजण पुढच्याच्या पाठीकडे बघून ‘फार छान’ म्हणत होता. वर आभाळ मोकळे होते.

काठावर एक नवी कोरी नाव लागली होती. नावेपाशी गालिचा होता, गार पाणी होते आणि खंड्या नावेत चढणाऱ्यांची रांग लावत होता. भाडे दर पक्ष्यामागे एक लांब पीस, आणि नसेल त्याने पाय पुढे करावा.

“दोघांचं?” खंड्याने विचारले.

दामूने पारूकडे बघितले. ती पलीकडच्या रानाकडे बघत होती. त्याने पाय पुढे केला. कडे चमकले, खंड्याने आदराने मान लववली, आणि दोघे पंख मिटून, इतरांना चिकटून, नावेत बसले. नावाड्याने नाव ढकलली, आणि पक्ष्यांचा तो अख्खा थवा, पाण्याला घाबरून एकमेकांना घट्ट धरत, वल्ह्यांच्या तालावर हळूहळू नदी ओलांडू लागला.